टोपोशीटवर अडीच, पायाखाली सात: नकाशातलं अंतर जुळत नसेल तर काय तपासायचं

जूनचा पहिला पाऊस पडला की शुक्रवारी संध्याकाळी माझा फोन वाजायला लागतो. "दादा, तो नकाशा चुकीचा आहे." गेली कित्येक वर्षं मी दादरच्या एका ट्रेकिंग ग्रुपचे नकाशे काढून देतोय. तेवढ्या काळात सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, म्हणजेच टोपोशीट, खरोखर चुकीचा निघाला असं मोजून दोन-तीनदाच झालं असेल. बाकी प्रत्येक वेळी नकाशा बरोबर होता. घोळ झाला होता तो नकाशा आणि माणूस यांच्या मधे कुठेतरी, आणि बहुतेकदा झेरॉक्सच्या दुकानात.

तुमचा घोळ यातला कुठला, ते आधी बघा:

- पट्टी लावून दोन-अडीच किलोमीटर निघाले, चालताना सहा-सात झाले.
- दोघांकडे एकाच भागाचा नकाशा आहे, पण दोघांची अंतरं वेगळी येतात.
- नकाशाप्रमाणे सोंडेवरून (डोंगराच्या खाली उतरत जाणाऱ्या धारेवरून) चढत होता, प्रत्यक्षात ओढ्यात उतरलात.
- चढ तीनशे मीटरचा वाटला होता, संपता संपेना. किंवा उलट, हजाराचा वाटला आणि तासाभरात माथा आला.
- आकडे फोनमध्ये टाकले तर ठिपका भलत्याच तालुक्यात पडला.
- जायचं ते ठिकाण नकाशात सापडतच नाही.

खालच्या तपासण्या फुकटापासून खर्चिकाकडे आणि सोप्यापासून किचकटाकडे जातात. मधल्या गाळून पुढे उडी मारू नका. होकायंत्राच्या दिक्पातावर (म्हणजे सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या फरकावर) अर्धा तास वाद घालून शेवटी प्रिंटच छोटी निघाल्याचं मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी पट्टी ठेवल्याशिवाय कुणाचं ऐकूनच घेत नाही.

आधी फूटपट्टी

नकाशाच्या तळाशी रेषाप्रमाण असतं, म्हणजे काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची आडवी पट्टी, खाली किलोमीटरचे आकडे. त्यावर शाळेतली साधी फूटपट्टी ठेवा. १:५०,००० च्या नकाशावर एक किलोमीटर म्हणजे बरोबर २ सेंटिमीटर. तेवढे भरले तर ही तपासणी इथेच संपली, पुढच्यावर जा.

नाही भरले तर दुखणं सापडलं. ४७ एफ/५ हे पान घ्या. माथेरान, कर्जत, राजमाची सगळं याच्यात आहे, म्हणजे मुंबईकरांच्या अर्ध्या पावसाळ्याचा नकाशा हाच. पान १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांशाचं. आपल्या भागात ते जमिनीवर साधारण २७.७ किलोमीटर उंच आणि २६.३ किलोमीटर रुंद भरतं, म्हणजे कागदावर सुमारे ५५ बाय ५३ सेंटिमीटर. हे अख्खं पान कुणी ए-४ वर बसवलं तर रुंदी १९ सेंटिमीटरच्या आसपास उरते. मग एक किलोमीटर दोन सेंटिमीटरचा राहत नाही, ०.७२ सेंटिमीटरचा होतो. पण वर छापलेलं "१:५०,०००" तसंच राहतं, आणि तेच माणसाला फसवतं. तुम्ही पट्टीने ५ सेंटिमीटर मोजता, दोनाने भागता, अडीच किलोमीटर म्हणता. खरं अंतर असतं जवळजवळ सात.

कर्जतच्या बाजूच्या एका वाटेवर आमची बारा जणांची तुकडी यातच अडकली होती. दुपारी एकला वर पोचून पिठलं-भाकरी खायची होती, पोचले साडेचारला. सोमवारी मी प्रिंट काढणाऱ्या पोराला विचारलं, तर तो निरागसपणे म्हणाला, "साहेब, कोपरे कापले जात होते, म्हणून मी फिट केलं." त्याचं काय चुकलं? त्याला लग्नाची पत्रिका आणि टोपोशीट सारखीच.

शाळेत प्रमाण दाखवायच्या तीन पद्धती शिकवतात: शब्दप्रमाण ("२ सेंमीला १ किमी"), अंकप्रमाण ("१:५०,०००") आणि रेषाप्रमाण. परीक्षेपुरतं पाठ करून आपण ते विसरतो. पण नकाशा लहान-मोठा केला की पहिली दोन खोटी पडतात आणि तिसरं खरं राहतं, कारण नकाशाबरोबर तेही तेवढंच लहान-मोठं होतं. म्हणून कॉपी हातात आली की मी पहिल्यांदा छापील अंकप्रमाणावर पेनने काट मारतो आणि शेजारी मोजलेलं लिहितो: "इथे १ सेंमी = १.४ किमी". तुम्हीही मारा. नकाशा खराब झाल्यासारखं वाटतं, पण वाट चुकत नाही.

रेषाप्रमाण मोजताना एक खाचखळगा आहे. पट्टीचं शून्य डाव्या टोकाला नसतं, थोडं आत असतं. शून्याच्या डावीकडे एका किलोमीटरचे बारीक भाग पाडलेले असतात, मीटर मोजण्यासाठी. टोकापासून मोजायला सुरुवात केली की प्रत्येक अंतर एक किलोमीटरने कमी वाचलं जातं.

दुरुस्तीला खर्च जवळपास नाहीच. पीडीएफ छापताना "फिट टू पेज" काढून "अ‍ॅक्च्युअल साइज" किंवा १०० टक्के निवडा आणि फक्त लागणारा भाग छापा. पूर्ण मापातल्या ए-४ वर साधारण १० बाय १४ किलोमीटरचा मुलूख येतो. एका दिवसाचा ट्रेक त्यात मावून वर डोंगर उरतात. अख्खं पान हवं असेल तर आर्किटेक्ट लोक ड्रॉइंग काढतात त्या प्लॉटरवाल्याकडे जा. चौकट ए-१ कागदावर बसते. दुकानातून बाहेर पडायच्या आत तिथेच पट्टी लावून बघा. लोकल पकडल्यावर बघून उपयोग नाही.

पट्टीच कापली गेली असेल तर

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या नकाशात हे हमखास असतं. मधला तुकडा येतो, तळ गायब. अशा वेळी कडेचे अक्षांशाचे आकडे शोधा. १:५०,००० च्या पानावर दर ५ मिनिटांना रेघ असते. ५ मिनिटं अक्षांश म्हणजे सुमारे ९.२ किलोमीटर, कागदावर १८.४ सेंटिमीटर. उभं अंतर मोजा आणि त्यावरून प्रमाण काढा.

आडवं का नाही? रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात. आपल्या १९ अंशांवर ५ मिनिटं रेखांश म्हणजे ८.८ किलोमीटरच्या आसपास, कागदावर १७.५ सेंटिमीटर. म्हणून ५ बाय ५ मिनिटांचा चौकोन आपल्याकडे खरा चौरस नसतोच, थोडा उभट असतो. हे उलट्या बाजूनेही कामाला येतं. तुमच्या प्रिंटमध्ये तो अगदी चौरस किंवा आडवट दिसत असेल तर कुणीतरी चित्र एका बाजूने ताणलंय. ते फेका. आणि भिंतीवरच्या नकाशाचा तिरका काढलेला फोटो असेल तर वर एक प्रमाण आणि खाली दुसरं असतं, त्याला औषध नाही. मूळ पीडीएफ मागा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की खुल्या मालिकेची (ओपन सिरीज मॅप, म्हणजे सर्वांसाठी खुली) पानं मिळतात, कुणाचे फोटो जपून ठेवायची गरज उरलेली नाही.

कागद दमट हवेत फुगतो, म्हणून अंतर चुकतं, असं एक ज्येष्ठ गृहस्थ मला दरवर्षी सांगतात. फुगतो खरा, पण शंभरात एकाहूनही कमी. त्यांचा नकाशा अर्ध्याने चुकत होता.

नकाशा इंचाचा की सेंटिमीटरचा?

घरातल्या कपाटात, रद्दीवाल्याकडे, एखाद्या जुन्या गिर्यारोहकाच्या ट्रंकेत जुने नकाशे सापडतात. कापडावर चिकटवलेले, घडीवर फाटलेले, बघून जीव हरखतो. त्यातले बरेच "एक इंचास एक मैल" प्रमाणाचे, म्हणजे १:६३,३६० चे. त्यांच्यावर २ सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर नाही, सव्वा किलोमीटरहून थोडं जास्त. १० किलोमीटरची वाट तुम्हाला आठाच्या आत दिसते.

अंतरापेक्षा जास्त त्रास उंचीचा होतो. या नकाशांवर उंची फुटांत आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) साधारण ५० फुटांच्या अंतराने. नव्या १:५०,००० वर उंची मीटरमध्ये आणि रेषा बहुतेक २० मीटरने. दोन्हींवर नुसते आकडे असतात, एकक कोपऱ्यात बारीक लिहिलेलं, आणि नेमका तोच कोपरा फाटलेला असतो. माझी युक्ती सोपी आहे: कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. आपल्या राज्यातल्या पानावर यापेक्षा मोठा उंचीचा आकडा दिसला की तो फुटांतलाच. माथेरानच्या पठारावर अडीच हजारांच्या घरातला आकडा वाचून "हिमालयात जातोय का आपण" असं विचारणारा मुलगा आमच्याकडे होऊन गेलाय. त्याने निदान विचारलं तरी.

आणखी एक गोंधळ शब्दांचा. १:२५,००० चं प्रमाण १:५०,००० पेक्षा मोठं, बृहत्. खालचा आकडा लहान, तेवढा नकाशातला तपशील मोठा. दुकानात "मोठ्या स्केलचा द्या" म्हणून १:२,५०,००० चं पान घेऊन आलेले लोक आहेत. त्यात रायगड जिल्ह्याचा बराचसा भाग दिसतो, वाट दिसत नाही.

सरळ रेषेत कावळा जातो, आपण नाही

प्रिंट बरोबर, एककं बरोबर, तरी अंतर दुपटी-तिपटीने वाढतंय? मग तुम्ही दोन गावांच्या मधे पट्टी ठेवली असणार.

नेरळ आणि माथेरान स्थानकांच्या मधे सरळ रेषा ओढली तर सातेक किलोमीटर भरते. १९०७ साली सुरू झालेली तिथली छोटी गाडी तेवढंच गाठायला २१ किलोमीटर वळणं घेते. दोन्ही आकडे खरे आहेत, तुमचे पाय कुठल्या आकड्यावर चालणार ते ठरवायला हवं.

इथे लोक हटकून म्हणतात, "चढ आहे ना, म्हणून अंतर वाढतं. नकाशा सपाट असतो." नकाशातलं अंतर आडवं असतं हे बरोबर. पण हिशेब करून बघा. नेरळ ते माथेरान चढ सुमारे ७६० मीटर, सरळ अंतर ७ किलोमीटर. शाळेतला पायथागोरस लावला तर तिरकं अंतर ७.०४ किलोमीटर येतं. सगळा चढ मिळून वाढले चाळीसच मीटर! वीस अंशांच्या सलग खड्या चढावरही वाढ शंभराला साडेसहाच्या आसपास. अंतर वाढवतात ती वळणं, आणि चढ वाढवतो तो वेळ. या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवा.

वळणं मोजायला दोरा. शिवणाचा जाड सुती दोरा किंचित ओला करा म्हणजे कागदावर बसतो, मग वाटेवरून वळणावळणाने सोडा, टोकांना खूण करा आणि सरळ करून रेषाप्रमाणावर ठेवा. दोरा नसेल तर कागदाची सरळ कड घ्या: वाट जिथे वळते तिथे टोक टेकवून कागद फिरवायचा, प्रत्येक वळणाला पेन्सिलीची खूण. मी हेच करतो, कारण दोरा ताणला जातो आणि कागदाच्या खुणा मागाहून कुणालाही दाखवता येतात.

तरीही नकाशावरची वाट खऱ्या वाटेपेक्षा लहानच असते. अर्ध्या मिलिमीटरची रेघ १:५०,००० वर २५ मीटर जागा खाते. घाटातली दहा-पंधरा मीटरची नागमोड त्या रेघेच्या पोटातच संपते. म्हणून घाटवाटेवर मी मोजलेल्या अंतरात चौथा हिस्सा मिळवतो, दाट झाडीत तिसरा. हा माझा अंदाज, कुठल्या पुस्तकातला नियम नाही.

वेळेसाठी मात्र जुना नियम आहे. स्कॉटलंडच्या नाइस्मिथने १८९२ साली मांडला: तासाला ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. स्कॉटलंडच्या थंडीत तो ठीकच. मे महिन्यात कर्जतच्या उन्हात पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन चालणाऱ्याने त्यात निम्मा वेळ आणखी घालावा, आणि गटात कुणी पहिल्यांदाच आलं असेल तर वेळ दुप्पट धरावा.

सोंड की ओढा?

इथून पुढे पैसे लागत नाहीत, पण नजर लागते. आणि धोकाही इथूनच सुरू होतो. अंतर चुकलं तर भूक लागते, उतार चुकला तर माणूस अडकतो.

समोच्च रेषा सोंडेवर आणि ओढ्यावर जवळजवळ सारख्याच वाकतात. फरक टोकाच्या दिशेत. वाकलेल्या रेषेचं टोक उंचीकडे असेल तर ओढा किंवा घळ, टोक उतरणीकडे असेल तर सोंड. उंची कुठल्या बाजूला वाढते हे कळण्यासाठी जाड रेषा शोधा. दर पाचवी रेषा जाड असते, २० मीटरच्या नकाशात ती शंभराच्या पटीत येते आणि तिच्यावर आकडा असतो. एकाच आकड्यावर विसंबू नका, शेजारच्या दोन जाड रेषांचे आकडे वाचा. मगच चढ कुठे ते ठरवा.

आता काळी-पांढरी झेरॉक्स आठवा. मूळ नकाशात समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळं, झाडी हिरवी, शेतजमीन पिवळी, रस्ते आणि वस्त्या लाल. काळी झेरॉक्स काढली की तपकिरी, निळं, लाल सगळं एकाच रंगाचं होतं. ओढा आणि रेषा एकमेकांत मिसळतात, आणि माणूस ओढ्यालाच वाट समजून त्यात उतरतो. वाचवलेले पंधरा-वीस रुपये इथे महागात पडतात. रंगीतच काढा.

रंगीत पानावरही पावसाळ्यात एक गोष्ट विसरू नका. निळे ओढे बारमाही. काळ्या रेघेने दाखवलेले ओढे एरवी कोरडे, पण जुलैत ते कोरडे नसतात. मार्चमध्ये ज्यातून उड्या मारत गेलात, तिथे आषाढात कमरेएवढं पाणी असू शकतं. जुलै-ऑगस्टच्या नकाशावर मी सगळे काळे ओढे निळ्या पेनने गिरवून देतो.

खडेपणा मोजायचा असेल तर रेषांमधली जागा बघा. पूर्ण मापाच्या १:५०,००० वर दोन रेषांत १ मिलिमीटर असेल तर ५० मीटर चालून २० मीटर चढ, म्हणजे सुमारे २२ अंश. दम लागेल, पण जमेल. अर्धा मिलिमीटर असेल तर ३९ अंशांच्या आसपास, तिथे हात लावावे लागतात. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा. ए-४ वर बसवलेल्या प्रिंटमध्ये मात्र चालण्याजोगा उतारही तपकिरी डागासारखा दिसतो, आणि कडाही तसाच.

दोन रेषांच्या मधे काय आहे ते नकाशा सांगत नाही. पंधरा मीटरचा सरळ कातळटप्पा २० मीटरच्या दोन रेषांमधे अलगद लपतो. सह्याद्रीची घडणच पायऱ्यांची, लाव्हाच्या थरांवर थर. त्यामुळे असे टप्पे जागोजाग. "नकाशात तर सरळ उतार होता" म्हणणाऱ्यांपैकी बरेच अशाच टप्प्यावर थबकलेले असतात. नकाशात उतार दिसला तरी वाट आहे की नाही हे खालच्या गावात विचारा. गुरं चारणाऱ्या मामांना जे माहीत असतं ते कुठल्याही पानावर छापलेलं नसतं.

आकड्यापुढे "आर" अक्षर दिसलं तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नाही, आजूबाजूच्या जमिनीपासूनची आहे. "६ आर" म्हणजे सहा मीटरचा बांध किंवा खड्डा.

गाव सापडत नाही

बहुधा ते शेजारच्या पानावर आहे. १९ अंश उत्तरेची रेघ ही पानांची हद्द, आणि ती आपल्या मुंबईतूनच जाते, परळच्या आसपासून. तिच्या वरची मुंबई ४७ ए/१६ वर, खालची ४७ बी/१३ वर. संजय गांधी उद्यान, विहार, तुळशी वरच्या पानात, कुलाबा खालच्या. नेरळ-माथेरानचीही तीच गत: नेरळ ४७ ई/८ वर, माथेरान ४७ एफ/५ वर. एकच पान घेऊन निघालात तर चढाच्या सुरुवातीलाच नकाशा संपतो. दोन्ही पानं एकाच प्रमाणात छापून कडा जुळवून चिकटवा, एकाच प्रमाणात यावर भर. २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेल्या खुल्या मालिकेत क्रमांक वेगळे असतात, आपल्याकडचे "ई ४३" ने सुरू होतात. जुना क्रमांक सांगून नवं पान मागितलं की दोघांचाही वेळ जातो.

गाव पानावर हवंच होतं आणि तरी नाही, तर तळाशी सर्वेक्षणाचं वर्ष वाचा. डोंगर हलत नाहीत, रस्ते आणि वस्त्या हलतात. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू २०२४ चा, तो जुन्या पानावर शोधू नका. जुन्या पानावरची पायवाट आज डांबरी असू शकते, आणि शेत धरणाच्या पाण्याखाली.

फोन आणि कागद भांडतात

आधी आकडे कसे लिहिलेत ते पाहा. माथेरान १८ अंश ५९ मिनिटांवर आहे. लोक फोनमध्ये १८.५९ टाकतात. मिनिटं साठाची असतात, त्यामुळे ५९ ला ६० ने भागायचं. बरोबर आकडा १८.९८. ही एक चूक तुम्हाला त्रेचाळीस किलोमीटर दक्षिणेला नेते, पेण-नागोठण्याच्या मधे कुठेतरी. ठिपका भलत्या तालुक्यात पडण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा एवढंच.

फरक थोडा असेल, कड्याच्या एका बाजूऐवजी दुसऱ्या बाजूला एवढाच, तर आधारपृष्ठ तपासा, म्हणजे पृथ्वीचा कुठला गणिती आकार धरून अक्षांश-रेखांश काढलेत ते. जुनी पानं एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेली, फोनचा जीपीएस आणि खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर. तेच अक्षांश-रेखांश दोन्हीकडे थोड्या वेगळ्या जागी येतात. नकाशाच्या तळाशी काय लिहिलंय ते वाचा आणि अ‍ॅपमध्ये तेच निवडा. पर्याय नसेल तर जुन्या पानावरून काढलेले आकडे फोनमध्ये टाकूच नका.

होकायंत्राचा दिक्पात हा परदेशी व्हिडिओ बघून आलेल्यांचा आवडता संशयित. मुंबईच्या परिसरात तो एका अंशाहूनही कमी आहे. तुमची वाट त्याने चुकलेली नाही. होकायंत्र मोबाइलला चिकटवून धरलं होतं का, ते आठवून बघा.

थांबायचं कधी

डोंगरात: नकाशा आणि समोरचं दृश्य दोनदा तपासूनही जुळत नाही, आणि दिवस उतरणीला लागलाय किंवा धुकं उतरलंय, तर पुढे जाणं बंद. शेवटची खात्रीची खूण होती तिथपर्यंत मागे या. मागची वाटही सापडत नसेल तर आहात तिथेच, सगळे एकत्र थांबा. "ओढ्याने खाली उतरलो की गाव येईलच" हा विचार करू नका. सह्याद्रीतला ओढा कड्यावरून खाली उडी घेतो. ११२ ला फोन करा आणि अक्षांश-रेखांश वाचून दाखवा, अंश-मिनिटांत की दशांशात तेही सांगा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचे स्वयंसेवक अशाच वेळी येतात, आणि बॅटरी दहा टक्के असताना केलेला फोन दोन टक्क्यांवरच्या फोनपेक्षा त्यांना कितीतरी उपयोगी पडतो. लाजायचं कारण नाही.

घरी: जुना नकाशा स्कॅन करून संगणकावर नव्याशी जुळवायचा असेल आणि चार कोपरे बांधूनही मधला भाग सरकत असेल, तर जीआयएसचं (संगणकावरच्या नकाशांचं) काम करणाऱ्या माणसाला द्या. प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे, रात्र जागून सुटत नाही.

आणि जमिनीच्या हद्दीसाठी टोपोशीट कधीच वापरू नका. गेल्या वर्षी एक ओळखीचे काका मुरबाडकडच्या शेताचा वाद घेऊन आले होते. बांध शेजाऱ्याने दीड फूट सरकवला, असं त्यांचं म्हणणं. छान रंगीत, पूर्ण मापातली प्रिंट आणली होती, पट्टीही लावून बघितली होती, माझ्याकडून शिकूनच. मी भिंग दिलं आणि सगळ्यात बारीक रेघेची जाडी बघायला सांगितली. पाव मिलिमीटर धरली तरी जमिनीवर साडेबारा मीटर. त्यांचा दीड फुटांचा बांध त्या रेघेत पंचवीस वेळा मावला असता. काका बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग नकाशाची घडी घातली आणि भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज कुठल्या खिडकीवर देतात, ते विचारलं.